स्ट्रिपची पाठ

आगाशीच्या आत्याकडे औषधांचा डबा म्हणजे बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. त्यात बीपीची गोळी, अमृतांजन, सासऱ्यांच्या वेळचा थर्मामीटर आणि कात्रीने कापलेले स्ट्रिपचे तुकडे. कुठे दोन गोळ्या, कुठे चार. नाव आणि एक्स्पायरी नेमकी कापलेल्या भागावर गेलेली.

गेल्या पावसाळ्यात ती विहिरीजवळच्या शेवाळावरून घसरली. मणक्याला बारीक फ्रॅक्चर. विरारच्या डॉक्टरांनी कमरेला पट्टा दिला आणि पाच दिवसांच्या गोळ्या. दुखणं थांबलं, आत्या खूश. दीड महिन्याने मी गेले तेव्हा ती दुपारी ताटावर बसल्या बसल्या पेंगत होती. चार दिवस पोट साफ नाही, उठलं की गरगरतं, अशी तक्रार. "वयच झालं गं आता," म्हणाली. वय दीड महिन्यात एवढं वाढत नाही. मी डबा उघडला.

एका तुकड्याच्या पाठीवर मुंगीएवढ्या अक्षरांत दोन नावं सापडली: ट्रामाडॉल 37.5 मिलिग्रॅम, पॅरासिटामॉल 325 मिलिग्रॅम. गोळी एक, औषधं दोन. पॅरासिटामॉल आपल्या घरातलंच. ट्रामाडॉल मात्र अफूच्या कुळाला जवळचं, प्रयोगशाळेत बनवलेलं. मेंदूत मॉर्फिन जिथे लागतं तिथेच तेही लागतं. म्हणून दुखणं जातं, म्हणून गुंगी येते, म्हणूनच आतडी आळसावतात. आत्याचं "वय" त्या गोळीत होतं.

पाच दिवसांच्या गोळ्या दीड महिना कशा पुरल्या? नातू रिकाम्या स्ट्रिपचा फोटो काढून मेडिकलवर दाखवायचा आणि दहा गोळ्या आणायचा. चिठ्ठी कोणी मागितली नाही. ट्रामाडॉल 'शेड्यूल एच-वन'मध्ये आहे. म्हणजे डॉक्टरांची चिठ्ठी हवी, विक्रेत्याने वेगळ्या रजिस्टरात डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव आणि किती गोळ्या दिल्या ते लिहायचं, ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं. त्यावरही न भागल्याने एप्रिल 2018 मध्ये सरकारने ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणलं. आमच्या नातवाला त्या कायद्यापेक्षा व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो पुरला. चिडायचं कोणावर? मेडिकलवाल्याने आपल्याला ताटकळत ठेवलं की आपणच कुरकुरतो.

मग मी कागद-पेन घेतलं. ही गोळी दिवसातून तीनदा, म्हणजे पॅरासिटामॉल 975. मधे कणकण वाटली म्हणून साडेसहाशेची गोळी तीनदा: 1950. शेजारणीने दिलेल्या, आयबुप्रोफेन असलेल्या दुखण्याच्या गोळ्या दोन, त्यांतही प्रत्येकी 325: आणखी 650. बेरीज 3575. धडधाकट माणसाची दिवसाची कमाल मर्यादा 4000 धरतात. आत्याचं वय चौऱ्याहत्तर, वजन बेचाळीस किलो. अशा अंगाला मर्यादा त्याहून बरीच कमी असते. आणि पॅरासिटामॉल जास्त झालं तर पहिल्या दिवशी फारसं काही जाणवतही नाही. यकृताचं नुकसान नंतर कळतं. जोडगोळीत पॅरासिटामॉल 325 पेक्षा जास्त नको, असा नियम सरकारने 2011 साली केला तो यासाठीच. पण तीन वेगवेगळ्या नावांच्या गोळ्या एकाच पोटात गेल्या तर नियम काय करणार?

खरी भीती मला डब्यातल्या चौथ्या तुकड्याची वाटली. ती झोपेची गोळी होती, अधूनमधून घेतलेली. अफूच्या कुळातलं औषध श्वास मंदावतं, झोपेची गोळीही तेच करते. दारूही तशीच. आपल्याकडे ताडीला कोणी दारू म्हणत नाही, म्हणून मुद्दाम लिहिते: या गोळीबरोबर ताडीही नको. माणूस हाक मारून उठत नसेल, श्वास अडखळत असेल, ओठ निळसर दिसत असतील तर लिंबूपाणी पाजत बसू नका, 108 ला फोन करा. फिट येणाऱ्यांनी आणि नैराश्याची औषधं चालू असणाऱ्यांनी तर ट्रामाडॉल घेण्याआधीच डॉक्टरांना तसं सांगायला हवं.

हे सगळं मला नवं होतं, असं म्हणायची सोय नव्हती. फेब्रुवारी 2025 मध्ये आपल्याच पालघर जिल्ह्याचं नाव या गोळ्यांमुळे जगभर गेलं होतं. टॅपेंटाडॉल हे याच कुळातलं औषध आणि कॅरिसोप्रोडॉल हे स्नायू सैलावणारं, असं मिश्रण एव्हिओ फार्मास्युटिकल्स ही कंपनी घाना, नायजेरिया, आयव्हरी कोस्टकडे पाठवत असल्याचं बीबीसीने दाखवलं. या मिश्रणाला भारतात मंजुरीच नाही. केंद्र आणि राज्याच्या औषध अधिकाऱ्यांनी तपासणी करून सुमारे 1 कोटी 30 लाख गोळ्या-कॅप्सूल ताब्यात घेतल्या, उत्पादन थांबवलं. बातमी वाचून मी "काय हे" म्हटलं आणि पान उलटलं. तिकडच्या पोरांची नशा ती, आपल्या आत्याचा काय संबंध!

मी गोळ्या तिथल्या तिथे बंद करणार होते. डॉक्टरांनी फोनवरच अडवलं. इतके दिवस घेतल्यावर एकदम तोडली तर घाम, अस्वस्थपणा, जांभया, झोप उडणं, जुलाब असं सगळं उलटून येतं. मग तीनवरून दोन, दोनवरून एक, नंतर रात्री अर्धी. झोपेची गोळीही त्यांनीच वेगळी हाताळली. बाकी पॅरासिटामॉल बंद. तिसऱ्या आठवड्यात आत्या पुन्हा केळीच्या वाडीत उभी राहून गड्यावर ओरडू लागली, तेव्हा मी निर्धास्त झाले. कंबर अजून दुखते. तेवढी दुखणारच, असं डॉक्टर म्हणतात.

उरल्या सात गोळ्या. "राहू दे की, शेजारणीला लागतील," आत्या म्हणाली. शेजारणीचा मुलगा विरार लोकलमध्ये लोंबकळत रोज चर्चगेटला जातो, त्याचीही कंबर धरते, त्यालाही एक देऊन झाली होती. मे 2025 मध्ये केंद्रीय औषध नियामकाने सतरा औषधांची यादी काढली आहे, उरली किंवा मुदत संपली तर कचऱ्यात टाकायची नाहीत, पाण्यात सोडून द्यायची. ट्रामाडॉल तिच्यात आहे. सातही गोळ्या मी संडासात टाकून पाणी ओतलं. आत्या दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.