४५ पैशांचा भरवसा

आयआरसीटीसीवर तिकीट काढताना एक प्रश्न येतो, 'प्रवास विमा हवा का?' आपण 'हो' म्हणतो आणि पुढे जातो. माणशी ४५ पैसे! एवढ्यात आज गोळीसुद्धा येत नाही. विमा काढला, आता काळजी मिटली, असं वाटतं. मलाही वाटायचं.

टी.ई.ला असताना आमची इंडस्ट्रियल व्हिजिट हैदराबादला गेली होती. दुसऱ्या रात्री माझ्या रूम पार्टनरच्या पोटात दुखायला लागलं. सगळ्यांनी आधी ते बिर्याणीवर ढकललं. बाराच्या सुमारास तो घामाघूम होऊन वाकडा झाला, तेव्हा सरांनी त्याला रिक्षात घातलं आणि जवळच्या हॉस्पिटलात नेलं. अपेंडिक्स! ऑपरेशन लगेच करायला हवं होतं आणि त्याआधी काउंटरवर ४० हजार डिपॉझिट.

"सर, आपल्या टूरचा इन्शुरन्स आहे ना!" मी ऐटीत म्हणालो. नोटिशीत तसं लिहिलंच होतं, 'फीमध्ये प्रवास, नाश्ता व इन्शुरन्स समाविष्ट'. सरांनी पॉलिसी मोबाइलवर मागवली. मृत्यू, अपंगत्व, अपघातातली दुखापत... सगळं अपघाताचं. आजार हा शब्दच नव्हता.

मग यवतमाळला त्याच्या बाबांना फोन लावला. ते म्हणाले, "सर, सही तुम्हीच करा जी. पैशाचं मी सकाळी पाहतो." सरांनी सही केली, स्वतःचं कार्ड दिलं. तेही कमी पडलं, म्हणून आम्ही पोरांनी मोबाइलवरून कोणी २००, कोणी १००० असे टाकले. पहाटे तीनला ऑपरेशन झालं. आज पार्टनर ठणठणीत आहे, मेसमध्ये माझ्यापेक्षा दोन पोळ्या जास्तच खातो. पण त्या रात्री सरांच्या कार्डावर पैसे नसते तर? हा प्रश्न काही डोक्यातून जात नाही.

परत आल्यावर मी जरा वाचायला लागलो. रेल्वेचा तो विमा सप्टेंबर २०१६ मध्ये सुरू झाला. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर १० लाख, कायमचं अंशतः अपंगत्व आलं तर साडेसात लाखांपर्यंत आणि जखमीच्या हॉस्पिटल खर्चाला २ लाखांपर्यंत. ४५ पैशांत हे कमी नाही, जरूर घ्या. पण तो रेल्वे कायद्यात बसणारा अपघात किंवा गाडीतून पडण्यासारख्या घटनेपुरताच आहे. बर्थवर झोपलेल्याचं अपेंडिक्स फुटलं, तर त्यातून काही मिळत नाही. शिवाय तो ऑनलाइन काढलेल्या आरक्षित तिकिटालाच आहे. शनिवारी जनरलच्या दारात लटकत घरी जाणाऱ्यांनी तर त्याची आशाच सोडावी.

रस्त्याचंही तेच. ८ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे यवतमाळहून मुंबईला निघालेली खासगी बस आपल्या नाशिकच्या औरंगाबाद रोडवर ट्रकला धडकून पेटली आणि १२ जणांचा जीव गेला. माझा पार्टनर सुट्टी संपली की तसल्याच रात्रीच्या बसने येतो, हॉस्टेलमधली विदर्भाची बरीच पोरं येतात. मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने रस्ते अपघातातल्या जखमींसाठी योजना आणली, सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे कॅशलेस उपचार. चांगलीच गोष्ट आहे, सर्वांना माहीत असायला हवी. पण तीही अपघातालाच!

आता गंमत बघा. आपल्यातला कोणी बी.ई. नंतर आठ दिवस जर्मनीला फिरायला निघाला, तर शेंगेन व्हिसासाठी त्याला किमान ३० हजार युरोचा वैद्यकीय प्रवास विमा दाखवावाच लागतो. त्यात अचानक आलेलं आजारपण, हॉस्पिटल आणि वेळ पडली तर मायदेशी परत आणण्याचा खर्चही धरलेला असतो. म्हणजे परक्या देशाने आपली काळजी कागदावर मागायची, आणि आपण साठ पोरं घेऊन हैदराबादला जाताना 'इन्शुरन्स समाविष्ट' एवढ्या दोन शब्दांवर भागवायचं!

कोणी म्हणेल, तीन दिवसांसाठी कशाला फी वाढवायची? खरं आहे, आमच्यातल्या काहींनी व्हिजिटची फीसुद्धा हप्त्याने भरली होती. पण त्यांच्याच घरी मध्यरात्री ४० हजार निघणार नाहीत. ज्याच्या वडिलांच्या खिशात कार्ड आहे, त्याचं विम्याशिवायही निभावतं.

म्हणून टूर ठरवणाऱ्या सरांना आणि सी.आर. मंडळींना विनंती. आजारपण धरून तातडीचा वैद्यकीय खर्च देणारे प्रवास विमे देशातल्या प्रवासासाठीही मिळतात, तसा ग्रुपचा घ्यावा. रक्कम किती, कॅशलेस आहे की आधी आपण भरायचे, जुना आजार चालतो का, रात्री फोन कोणाला करायचा, हे नोटिशीतच छापावं. विमा असला तरी काउंटरवर पैसे मागतातच, तेव्हा प्रत्येकी थोडी रक्कम वेगळी ठेवावी आणि परत आल्यावर वाटून टाकावी. पालकांच्या संमतीपत्रावर रक्तगट, ॲलर्जी आणि घरच्या मेडिक्लेमचा नंबरही घ्यावा.

आणि आपणही थोडं करू या. हॉस्टेलमधल्या कितीतरी जणांची नावं घरच्या मेडिक्लेममध्ये असतात, पण कार्ड पडलेलं असतं बाबांच्या कपाटात. आजच फोन करून त्याचा फोटो मागवा. रविवारी हरिहरला जाणाऱ्यांनी एवढं तरी बघावं, की पॉलिसीत ट्रेक चालतो का. बऱ्याचदा चालत नाही, आणि दारू पिऊन पडलेल्याला तर कोणीच देत नाही!

पुढच्या टूरची नोटीस लागेल, तेव्हा फी किती हे सगळेच विचारतील. तुम्ही एक हात वर करून विचारा, "सर, इन्शुरन्स अपघाताचाच आहे की आजारपणाचाही?" वर्ग हसला तर हसू द्या. त्या रात्री काउंटरवर आम्हाला अजिबात हसू येत नव्हतं.