फांद्यांवरची वस्ती कोणी मोजायची?

दिवेघाटातून निघणारा संत ज्ञानेश्वर महाराज पालखी मार्ग सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळला येऊन संपतो. सुमारे 221 किलोमीटरच्या या मार्गाच्या चौपदरीकरणाची पायाभरणी 8 नोव्हेंबर 2021 रोजी पंढरपुरात झाली. रस्ता हवाच होता, वारकऱ्यांनाही आणि उसाच्या गाड्यांनाही. पण रुंदीकरणासाठी झाड पाडताना कागदावर येते ती त्याची जात, घेर आणि संख्या. जुन्या आंब्याच्या किंवा बाभळीच्या फांदीला बिलगून काय जगत होते, यासाठी रकानाच नसतो.

तिथे रास्ना नावाची आमरी, म्हणजे ऑर्किड, असू शकते. आमरी म्हटले की आपल्याला कास किंवा आंबोली आठवते, पण ही आमरी कोरड्या मुलखातल्या झाडांवरही तग धरते. पिवळसर फुलावर तपकिरी चौकडी, जांभळट ओठ आणि वास. ती झाडाचा रस शोषत नाही, फक्त आधार घेते. तरीही बांडगूळ समजून ओरबाडली जाते. काही ठिकाणी मुळ्या औषधासाठी विकल्या जातात, ते वेगळेच. देशाच्या हिशेबात रास्ना दुर्मीळ नाही, आणि धोका नेमका इथेच आहे. पाचगणीचे नाव मिळालेल्या हाबेनारिया पंचगणीएन्सिसची काळजी घ्यायला निदान अभ्यासक तरी आहेत. मोहोळ तालुक्यातून रास्ना नाहीशी झाली, तर कोणाच्या लक्षातही येणार नाही.

नोंदीची सोय नाही असे नाही. जैवविविधता कायदा 2002 चा आहे. त्याखालच्या लोक जैवविविधता नोंदवह्यांसाठी राष्ट्रीय हरित लवादाने 31 जानेवारी 2020 ची मुदत घातली, उशीर करणाऱ्या राज्यांना महिन्याला 10 लाखांचा भुर्दंड ठरवला. दंडाच्या धाकाने वह्या भराभर भरल्या गेल्या. धाकाने भरलेल्या वहीत आमरी सापडेल, ही आशा भाबडी आहे.

एकाच्या बदल्यात दहा झाडे लावू, हे उत्तर इथे चालत नाही. आमरीच्या एका बोंडात हजारो बिया असतात, पण धुळीसारख्या बारीक. पोटात शिदोरी नसलेल्या. विशिष्ट बुरशीची साथ मिळाली तरच त्या रुजतात. म्हणून रानात बहुतेक वाया जातात. 1922 मध्ये लुईस नड्सन यांनी साखर घातलेल्या माध्यमात, बुरशीविना, आमरीचे बी रुजवून दाखवले. शंभर वर्षांपूर्वीची ही युक्ती सोलापूरला अवघड नाही. इथल्या डाळिंब-केळीवाल्यांना टिश्यूकल्चरची रोपे नवी नाहीत. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सोलापुरातच आहे. आणि मालदांडी 35-1 ही ज्वारी स्थानिक वाणातून निवडली गेली ती मोहोळलाच. एक खबरदारी मात्र हवी: एकाच रोपाच्या हजार नकला म्हणजे विविधता नव्हे. बोंडे वेगवेगळ्या गावांतून, वेगवेगळ्या झाडांवरून घ्यावी लागतील. आणि तयार रोपे बसवायची कुठे, तर पुन्हा जुन्या झाडांवरच.

उशिरा जागे होण्याची किंमत या जिल्ह्याला ठाऊक आहे. 1979 मध्ये माळढोक पक्ष्यासाठी 8,496 चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले, मोहोळचा भागही त्यात होता. पुढे ते सुमारे 1,222 वर आले. जैसलमेरला माळढोकाच्या बंदिस्त प्रजननाचे काम 2019 मध्ये सुरू झाले, तेव्हा देशभरात दीडशेही माळढोक उरले नव्हते. आज अभयारण्यातल्या नान्नजला एखादा दिसला तरी बातमी होते.

महामार्ग, वन विभाग आणि जिल्हा प्रशासनाने तोडीच्या परवान्याला एक अट जोडावी: कुऱ्हाड लागण्याआधी वनस्पतिशास्त्र जाणणाऱ्याने फांद्या तपासाव्यात, आमरी शेजारच्या झाडावर हलवावी, बोंडे प्रयोगशाळेत द्यावीत, नमुना पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षण केंद्रात जावा. यासाठी नवा कायदा लागत नाही. रास्ना उन्हाळ्यात फुलते आणि फुलावर असतानाच खालून सहज ओळखू येते. मार्चच्या आत आदेश निघाला नाही, तर पाहणी वर्षभर लांबेल. रस्त्यांच्या निविदा तोवर थांबणार नाहीत.