सायकल गावच्याच रस्त्यावर, वारी मात्र पंढरीची! व्हर्च्युअल सायकलिंगच्या हिशेबात शाळकरी मुली कुठे?

सोलापूर : ३ जूनचा जागतिक सायकल दिन जवळ आला की व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पोस्टर फिरू लागतात. नोंदणी करा, फी भरा, महिनाभरात अमुक किलोमीटर सायकल चालवा, मोबाइलमधल्या अ‍ॅपचा फोटो पाठवा आणि मेडल घरपोच मिळवा. याला नाव आहे व्हर्च्युअल राइड. शहरात हा प्रकार रुजलाय. आता तालुक्याच्या ठिकाणचे सायकल ग्रुप, कॉलेजं आणि काही संस्थाही त्याकडे वळताना दिसतात. कल्पना चांगली आहे. पण ती जशीच्या तशी उचलली, तर जिल्ह्यात सगळ्यात जास्त सायकल चालवणारी मंडळीच तिच्याबाहेर राहतील. ती म्हणजे रोज दप्तर पाठीला लावून शाळेला जाणाऱ्या मुली.

हा प्रकार नेमका काय?

व्हर्च्युअल सायकलिंगचे दोन प्रकार आहेत. पहिला घरातला. सायकल एका स्टँडसारख्या यंत्रावर बसवायची, ते इंटरनेटला जोडायचं आणि समोरच्या पडद्यावर दिसणाऱ्या रस्त्यावर पेडल मारत राहायचं. झ्विफ्ट हे त्यातलं सगळ्यात गाजलेलं नाव. कोरोनाच्या काळात, जुलै २०२० मध्ये, टूर द फ्रान्सची मूळ शर्यत पुढे गेली तेव्हा याच झ्विफ्टवर तिचं व्हर्च्युअल रूप झालं. ३ शनिवार-रविवार, ६ टप्पे, आणि जगातले नावाजलेले सायकलपटू आपापल्या घरातून शर्यतीत. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सायकलिंगच्या जागतिक संघटनेने पहिली ई-स्पोर्ट्स जागतिक स्पर्धा घेतली. पुरुषांमध्ये ती जिंकली जेसन ऑसबोर्न या जर्मन खेळाडूने. हा गडी मूळचा नौकानयनातला! दम असेल तर माणूस कुठूनही येऊन जिंकू शकतो, ही या प्रकाराची जमेची बाजू.

पण हा प्रकार आपल्याकडे चालणार नाही, हे सरळ आहे. यंत्र महाग, लॅपटॉप हवा, आणि वीज-इंटरनेटचा भरवसा कोण देणार?

दुसरा प्रकार मात्र आपल्या कामाचा आहे. सायकल आपली, रस्ता आपला, वेळही आपली. फक्त चाललेले किलोमीटर एका ठरलेल्या मार्गाच्या नकाशावर मांडायचे. म्हणजे तुम्ही सांगोल्यात चालवा नाहीतर करमाळ्यात, नकाशावर तुमची सायकल आळंदीहून पंढरपूरकडे निघालेली असते. केंद्र सरकारने २०२० मध्ये फिट इंडिया फ्रीडम रन घेतली, तेव्हा हीच पद्धत होती. कुठेही धावा, केव्हाही धावा, अंतर नोंदवा.

विषयात जीव असेल तरच लोक टिकतात

नुसतं 'महिन्यात २५० किलोमीटर करा' म्हटलं की पहिल्या आठवड्यात उत्साह आणि तिसऱ्यात शुकशुकाट, असंच होणार. आकड्याला गोष्ट लागते. आणि गोष्टींची आपल्याकडे कमी नाही.

वारीचंच घ्या. आळंदी ते पंढरपूर हे अंतर साधारण अडीचशे किलोमीटर. पुणे, सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी आणि मग पंढरपूर. माउलींच्या पालखीचे हे मुक्काम आपल्याकडे पोरासोरांना पाठ असतात. यातला प्रत्येक टप्पा सारखा नाही. पुणे ते सासवड हा दिवे घाटातला दमवणारा, तर वाखरी ते पंढरपूर अगदी छोटा. मध्ये चांदोबाचा लिंब इथलं उभं रिंगण, पुरंदावडेचं गोल रिंगण. आयोजकांनी तयार आराखडाच समजावा. कधी लांब पल्ला, कधी विसावा, मध्येच उत्सव. रोजच्या मुक्कामाची माहिती एखाद्या मिनिटाच्या व्हॉइस मेसेजमधून पाठवली, तर 'आज कुठं पोचलो?' हे विचारायला माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा सायकल काढतो. २०२० मध्ये पायी वारी झाली नाही आणि पादुका एसटीने पंढरपूरला आल्या, तेव्हा घरी थांबलेल्या वारकऱ्यांनी मनानेच वारी केली. हे आपल्या लोकांना शिकवावं लागत नाही.

ज्यांना वारी नको त्यांच्यासाठी भीमा आहे. भीमाशंकरपासून कृष्णेच्या संगमापर्यंत नदीची लांबी ८६१ किलोमीटर. एकट्यादुकट्याला हे जड जाईल, पण वर्गातल्या २० मुली रोज १०-१० किलोमीटर चालवत असतील तर शाळेच्या ५ दिवसांत अख्खी भीमा पार होते. वाटेत उजनी येतं, तिथले पक्षी येतात, धरणग्रस्त गावांची कहाणी येते. भूगोलाचा तास वेगळा घ्यायला नको. किंवा जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेले १२ किल्ले घ्या. त्यातले ११ महाराष्ट्रात आणि जिंजी तमिळनाडूत. शिवनेरीपासून निघून जिंजीला पोचायचं म्हटलं तर अख्ख्या गावाने मिळून पेडल मारायला हवेत. आणि तेच तर हवंय.

हिशेब मांडून बघा

आता मुख्य मुद्दा. राज्यातल्या १२५ मागास तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकल दिली जाते. अट अशी की घर शाळेपासून ५ किलोमीटरच्या आत हवं. सगळ्याच तालुक्यांत ही योजना नाही, पण सायकलवर शाळा गाठणाऱ्या मुली सगळीकडे आहेत.

समजा एखादीचं घर बरोबर ५ किलोमीटरवर आहे. जाऊन-येऊन १० किलोमीटर. म्हणजे शाळेच्या २५ दिवसांत २५० किलोमीटर, आळंदी ते पंढरपूर! शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीसाठी वर्षाला किमान २२० दिवस शाळा ठरलेली आहे. आठवीतली मुलगी वर्षभरात २,२०० किलोमीटर करते. तेही गिअरची सायकल, हेल्मेट, हातमोजे यातलं काही नसताना, कधी डोक्यावर ऊन तर कधी चिखलातून. हे अंतर कुठल्याच अ‍ॅपमध्ये दिसत नाही, कारण तिच्या हातात मोबाइल नाही आणि असला तरी तो वडिलांचा.

स्पर्धेची फी आणि अ‍ॅपची अट ठेवली की ही मुलगी पहिल्याच पायरीला बाद. उरतात ते रविवारी सकाळी हायवेला जाणारे हौशी. त्यांनीही जरूर चालवावी, पण त्याला 'जिल्ह्याचा उपक्रम' म्हणू नये.

अ‍ॅप नको, वही चालेल

यावर उपाय अवघड नाही. घर ते शाळा हे अंतर शिक्षकांनी एकदा मोटरसायकलच्या मीटरवर मोजायचं. वर्गात एक वही, तीन रकाने : तारीख, अंतर, सही. आठवड्याची बेरीज करून शाळेने फक्त एकूण आकडा आयोजकांना कळवायचा. मुलींची नावं, घरं, येण्याजाण्याच्या वेळा कुठेही जायचं कारण नाही.

हे सांगायला कारण आहे. स्ट्राव्हा या अ‍ॅपने आपल्या वापरकर्त्यांच्या हालचालींचा जागतिक नकाशा प्रसिद्ध केला आणि जानेवारी २०१८ मध्ये लक्षात आलं की त्यावर लष्करी तळसुद्धा ओळखू येतात. लष्कराची ही गत, तर शाळकरी मुलगी रोज किती वाजता कुठल्या रस्त्याने एकटी जाते हे इंटरनेटवर टाकणं किती धोक्याचं!

'वहीत खोटं लिहिलं तर?' असं कुणी विचारेल. खोटं अ‍ॅपमध्येही होतं. मोबाइल खिशात ठेवून मोटरसायकल हळू चालवली की झालं. ब्रिटनच्या पहिल्या राष्ट्रीय ई-रेसिंग स्पर्धेच्या विजेत्याचं पद २०१९ मध्ये काढून घेतलं गेलं. शर्यतीत वापरलेली पडद्यावरची भारी सायकल त्याने संगणक प्रोग्रामच्या मदतीने मिळवली होती. बक्षीस पहिल्या नंबराला ठेवलं की लबाडी येणारच. पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाचा मान ठेवला, तर लबाडी करून मिळवायचं काय?

नंबर नको म्हणायला आणखी एक कारण आहे. वेळेवर नंबर लावले की पोरं वेगाने पळवणार, आणि आपले रस्ते काही शर्यतीचे नाहीत. उसाच्या हंगामात मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, अशा ट्रॉल्या अंधारात चालतात. तिथे वेगाची चढाओढ लावणं म्हणजे अपघाताला आमंत्रण.

मेडलऐवजी हवापंप द्या

फी घ्यायचीच असेल तर हौशी सायकलस्वारांकडून घ्या, विद्यार्थ्यांना माफ ठेवा. आणि त्या पैशातून प्रत्येक शाळेला एक हवापंप, पंक्चरचं साहित्य, सायकलला लावायला रिफ्लेक्टर पट्ट्या द्या. पंक्चर झालेली सायकल चार दिवस भिंतीला टेकून राहिली तर मुलीची शाळा चार दिवस बुडते. तिथे मेडलचा काय उपयोग?

यातून आणखी एक गोष्ट हाती लागेल, आणि तीच सगळ्यात मोलाची. कुठल्या रस्त्यावरून रोज किती विद्यार्थी सायकलने जातात, याचा गावनिहाय आकडा तयार होईल. जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात पुणे ग्रँड टूर ही ४३७ किलोमीटरची आंतरराष्ट्रीय शर्यत झाली. मुळशी, मावळ, भोर, पुरंदर, बारामतीतून ती गेली आणि तिच्यासाठी रस्ते नीट झाले. पाच दिवसांच्या पाहुण्यांसाठी जे होऊ शकतं, ते २२० दिवस त्याच खड्ड्यांतून जाणाऱ्या मुलींसाठी का होऊ नये? ग्रामसभेत 'रस्ता खराब आहे' एवढं म्हटलं तर कुणी ऐकत नाही. 'या रस्त्यावरून रोज ६० मुली सायकलने जातात, ही वही बघा' असं म्हटलं तर उत्तर द्यावं लागतं.

शाळा जूनच्या मध्याला सुरू होतात, त्यामुळे वारीचा विषय घ्यायचा तर वह्या पहिल्याच आठवड्यात वर्गात पोचायला हव्यात. सायकल ग्रुपनी गटशिक्षणाधिकाऱ्यांना आत्ताच भेटावं. एका केंद्रातल्या चार-पाच शाळांपासून सुरुवात केली तरी पुरे. आणि गणपतीनंतरच्या ग्रामसभेत पहिल्या दोन-तीन महिन्यांची बेरीज वाचून दाखवावी.