एका घरात दोन कारभारी

घरात वायफाय पोचत नाही? मग अजून एक राउटर आणा, वायर खुपसा, यूट्यूब चालू झालं की चहा घ्या आणि निघा. आपल्याकडे घरगुती नेटवर्किंग नावाची जी काही विद्या आहे ती एवढीच. माझं म्हणणं सरळ आहे. दुसरा राउटर घरात आला की पहिल्या पाच मिनिटांत त्याचं राउटरपण काढून घेतलं पाहिजे, आणि ते न करता निघून जाणाऱ्या माणसाला बिल देता कामा नये.

आता हे एवढं तावातावाने का, ते सांगतो.

आई-बाबा धरमतरजवळ राहतात, पेण तालुक्यात. जुनं घर, खाली जाड दगडी भिंती, वर नंतर चढवलेला स्लॅबचा मजला. फायबरचा बॉक्स खाली ओटीवर आणि बाबांची खोली वर. म्हणजे वर रेंज नाही, हे सांगायला इंजिनीअर लागत नाही. ऑपरेटरच्या माणसाने (नाव घेत नाही, सगळीकडे हेच चालतं) वर एक नवा राउटर बसवला, खालच्या बॉक्समधून केबल ओढून त्याच्या लॅन पोर्टला लावली, मोबाईलवर एक गाणं लावून दाखवलं आणि गेला.

दोन्ही डब्यांचा पत्ता १९२.१६८.१.१. दोन्हींचं डीएचसीपी चालू.

ज्यांचा याच्याशी संबंध येत नाही त्यांच्यासाठी: डीएचसीपी म्हणजे घराचा कारभारी. फोन घरात आला की तो विचारतो, मी कोण आणि बाहेर कुठून जायचं? कारभारी सांगतो, तुझा नंबर अमुक, आणि बाहेर जायचं तर माझ्या दारातून जा. आता कारभारी दोन असले तर जो आधी ओरडेल त्याचं फोन ऐकतो. आमच्या वरच्या कारभाऱ्याच्या दारामागे होती नुसती भिंत, कारण त्याचा वॅन पोर्ट रिकामा. त्यात दोघांचा पत्ता एकच. एका गल्लीत एकाच नंबरची दोन घरं असतील तर पोस्टमनने पत्र कुठे टाकायचं? त्यामुळे खालच्याने नंबर दिलेला फोनसुद्धा कधी बरोबर दारात, कधी भिंतीवर. स्क्रीनवर वायफायच्या चारही दांड्या फुल, आणि इंटरनेट नाही.

यावर हेल्पलाइनचा एकच मंत्र, रिस्टार्ट करा. आणि गंमत म्हणजे रिस्टार्ट केलं की कधीकधी चालतं! चालणारच. सगळे फोन पुन्हा विचारतात आणि नशिबाने खालचा बॉक्स आधी उत्तर देतो. याला दुरुस्ती म्हणत नाहीत, मटका म्हणतात.

बाबांचा महिन्यातून एकदा डॉक्टरांशी व्हिडिओ कॉल असतो. तो लागोपाठ दोनदा मधेच तुटला. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेला माणूस, त्यांनी काय निष्कर्ष काढला असेल? "माझ्याच हातून काहीतरी दाबलं गेलं असणार." टॅब रुमालात गुंडाळून कपाटात गेला. पुढच्या वेळी मी गेलो तेव्हा आईने हळूच सांगितलं की हल्ली ते हातच लावत नाहीत.

हे माझ्या डोक्यात जातं. वायरिंग चुकीचं करायचं एकाने, आणि स्वतःला अडाणी समजायचं सत्तरीच्या माणसाने. तुमच्याही घरी हे चालू असेल, मंडळी, फक्त तुम्हाला कुणी सांगितलं नसेल.

उपाय दहा मिनिटांचा आहे. खालच्या बॉक्सची वायर काढून आधी फक्त वरच्या राउटरला लॅपटॉप जोडायचा. त्याचा स्वतःचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ करायचा (खालचा बॉक्स फोनना जे नंबर वाटतो त्यात हा येत नाही ना, एवढं बघून). डीएचसीपी बंद. मग केबल पुन्हा लॅन पोर्टलाच, वॅनला नाही. वायफायचं नाव आणि पासवर्ड खालच्यासारखेच, चॅनल मात्र वेगळा, २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ आणि ११ यांपैकी एक खाली, दुसरा वर. नव्या राउटरमध्ये 'अ‍ॅक्सेस पॉइंट मोड' असा पर्याय असतो, तो निवडला की यातलं बरंचसं आपोआप होतं. कारभारी एकच उरतो, आणि वरचा डबा नुसता अँटेना होतो. त्याच्याकडून तेवढंच काम हवं होतं.

"पण आमच्याकडे तर केबल वॅन पोर्टला लावलीय, छान चालतं!" हो, चालतं. दोन डब्यांच्या गल्ल्या वेगळ्या असतील तर इंटरनेट चालतं. पण मग वरच्या मजल्यावरचा प्रिंटर खालच्या फोनला दिसत नाही, वरच्या फोनवरचा सिनेमा खालच्या टीव्हीवर टाकता येत नाही. कारण आता घरात दोन नॅट झाले.

नॅट समजून घ्यायला धरमतरची खाडी बरी. खाडीकाठच्या भातशेतीला खारं पाणी लागू नये म्हणून बांध घालतात, आणि बांधाला उघाडी असते. आतलं पावसाचं पाणी ओहोटीला झडप ढकलून बाहेर जातं; भरती आली की तीच झडप बंद होते. नॅटही असाच. आतून बाहेर जायला मोकळीक, बाहेरून आपणहून येणाऱ्याला मज्जाव. (फक्त इथे आतून गेलेल्याचं उत्तर परत आत येतं.) एक बांध उपयोगाचा. पण शेताच्या मधोमध अजून एक बांध घालून त्यालाही उघाडी बसवली तर? शेतकरी असलं करत नाही. आपण मात्र पैसे मोजून करतो. पुण्यातले मित्र सांगतात, मेश घे, सगळं सुटेल. तो मेशसुद्धा ऑपरेटरच्या बॉक्सच्या मागे राउटर म्हणून चालवला की हेच होतं, फक्त जास्त किमतीत.

त्यातून ऑपरेटरकडे स्वतःचा तिसरा बांध असतो. राउटरच्या स्टेटस पानावर वॅनचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ मध्ये दिसला तर समजा की कंपनीने अनेक घरं एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवलीत. त्यासाठी हा पट्टा एप्रिल २०१२ मध्ये मुद्दाम राखून ठेवला गेला, कारण जगाच्या साठ्यातले शेवटचे मोकळे आयपीव्ही४ पत्ते ३ फेब्रुवारी २०११ लाच वाटून संपले होते. अशा वेळी घरातल्या कॅमेऱ्यासाठी पोर्ट फॉरवर्डिंगच्या नादात रविवार घालवू नका, होणार नाही.

आता मोठी तक्रार. मला खरं तर ऑपरेटरचा बॉक्स ब्रिज मोडमध्ये टाकून सगळा कारभार माझ्या राउटरला द्यायचा होता. फोन केला. "दादा, पासवर्ड नाय भेटत. वरून लॉक हाय." वरून म्हणजे कुठून? उत्तर नाही. महिन्याचे पैसे माझे, वीज माझी, भिंत माझी, आणि आत काय चाललंय ते मी बघायचं नाही.

त्यांची बाजूही ऐकली. लोक सेटिंग बिघडवतात, मग आम्हालाच फोन. खरं आहे. पण म्हणून कुलूप? घरातल्या बाजूच्या सेटिंगला एक लॉगिन, कंपनीच्या बाजूला दुसरं, ही सोय बऱ्याच बॉक्समध्ये असतेच. जर्मनीत १ ऑगस्ट २०१६ पासून कायदा आहे की कुठला राउटर वापरायचा ते ग्राहक ठरवणार, आणि जोडणीला लागणारी लॉगिनची माहिती कंपनीने न मागता, फुकट द्यायची. तिथे इंटरनेट काही बंद पडलेलं नाही.

राउटर बनवणाऱ्यांनाही सोडणार नाही. घरगुती वापराचे पत्ते १९९६ च्या आरएफसी १९१८ मध्ये ठरले. त्यातल्या नुसत्या १९२.१६८ मध्ये २५६ गल्ल्या आहेत. बहुतेक डबे तरीही ० आणि १ नंबरच्याच गल्लीत येऊन बसतात! कारखान्यातच प्रत्येक डब्याला वेगळी गल्ली द्यायला कितीसा खर्च येतो? आणि चालू होताना "घरात दुसरा डीएचसीपी आहे का" एवढं तपासून तसा लाल दिवा लावणं ही काही रॉकेट सायन्सची गोष्ट नाही. काही कंपन्यांचे राउटर वॅनला तीच गल्ली दिसली की स्वतः सरकतात. म्हणजे जमतं.

आणि आपण आयटीवाले? ऑफिसात एका आयपीसाठी चार अप्रूव्हल घेतो, नकाशे काढतो. घरी मात्र "बाबा, बंद करून चालू करा ना" म्हणून फोन ठेवतो. या शनिवारी घरी जाल तेव्हा फोन घेऊन वर आणि खाली दोन्हीकडे वायफायच्या तपशिलात 'गेटवे' बघा. आकडे वेगळे दिसले तर घरात दोन कारभारी आहेत. आकडा एकच दिसला पण नेट लपंडाव खेळत असेल, तर दुसऱ्या डब्याची केबल काढून पुन्हा बघा.

आमच्याकडे आता एकच आहे. टॅब कपाटातून बाहेर आलाय. ब्रिज मोडसाठी ऑपरेटरकडे लेखी अर्ज दिलाय, पोच घेऊन. अर्ज बाबांनी लिहिला, त्यांचं अक्षर चांगलं आहे. उत्तर अजून नाही.