पायपेटी भंगारात काढण्याआधी



आमच्या मंडळीतली जुनी पायपेटी भंगारात द्यावी, अशी चर्चा चालू आहे. कीबोर्ड आला, मग ही अडगळ कशाला? मला हे पटत नाही.

हॉलंडमधल्या आल्कमारचं सेंट लॉरेन्स चर्च बघा. तिथला लहान पाइप ऑर्गन १५११ सालचा, आणि आजही वाजतो! पुढे गाव प्रॉटेस्टंट झालं. उपासनेत ऑर्गन नकोच, असं तेव्हाच्या धर्मपुढाऱ्यांचं म्हणणं. पण तिकडे ऑर्गन नगराच्या मालकीचे. नगरांनी पगारी वादक ठेवले, उपासनेच्या वेळेबाहेर लोकांना संगीत ऐकवलं. आल्कमारने तर १६४०च्या दशकात दुसरा, भला मोठा ऑर्गन उभारला. १७२०च्या दशकात श्निटगर नावाच्या कारागिराने तो नव्याने बांधला.

आपली पायपेटी अर्थात पाइप ऑर्गन नव्हे. तिच्यात नळ्या नाहीत, पितळी सूर आहेत. हार्मोनियमचीच थोरली बहीण म्हणा ना. भाता फाटला असेल तर नवा चढवायचा, सूर साफ करून जुळवायचे. पेट्या दुरुस्त करणाऱ्या जाणत्या कारागिराला हे काम परकं नाही. याच ऑर्गनवर आपल्या संगीत नाटकांची पदं रंगली. रेव्हरंड टिळकांची भजनं पेटी-तबल्यावर म्हणणाऱ्यांना ती परकी का वाटावी?

कीबोर्ड खुशाल ठेवा. वीज गेली की तो गप्प बसतो, एवढंच. पण कमिटीने आधी कारागीर बोलवावा, खर्चाचा आकडा मंडळीपुढे ठेवावा. वर्गणीत माझा वाटा मी देईन.

— एक वाचक, चार इमली, भोपाळ