भाव छापला, पण हिशेब कुठे आहे?

आपला यवतमाळ जिल्हा कापसाचा. कपाशीच्या भावावर आपल्यापैकी कित्येकांच्या घरचे वर्ष अवलंबून असते. म्हणून या भावाची चर्चा कशी होते, हा केवळ अर्थशास्त्राच्या तासाचा विषय नाही.

२०२५-२६ साठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,७१० रुपये ठरला. खर्चाच्या दीडपट भाव मिळाला, असे सरकारने सांगितले. वृत्तपत्रांनी तो आकडा छापला. राजकीय पत्रकांनी कुठे जयजयकार केला, कुठे शिव्याशाप दिले. परंतु दीडपट कोणत्या खर्चाच्या, हे मात्र क्वचितच वाचायला मिळाले.

७,७१० ला दीडने भागले की खर्च ५,१४० रुपये निघतो. त्यात बियाणे, खत, फवारणी, मजुरी आणि घरच्या माणसांचे श्रम येतात. आईची निंदणी-वेचणी हिशेबात आली, हे चांगलेच झाले. पण स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलावरील व्याज त्यात धरलेले नाही. ते धरले की होणाऱ्या खर्चाला ‘सी-टू’ म्हणतात, आणि शेतकरी संघटना दीडपट मागतात ती याच खर्चावर. सारा वाद एवढाच आहे. तो चार ओळींत सांगता येतो, तरी वाचकाला सांगितला जात नाही.

महात्मा फुल्यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. ‘दीनबंधु’सारख्या सत्यशोधक विचाराच्या पत्रानेही त्याचा काही भाग छापून पुढचा थांबवला. जळजळीत लिखाण पत्रांना पेलत नाही, हे दुखणे जुनेच आहे. मात्र फुल्यांच्या संतापामागे सारा, पट्ट्या आणि कर्ज यांचा हिशेब होता. आजच्या पत्रकांत संताप आहे, हिशेब नाही. वृत्तपत्रांत आकडा आहे, पण त्याला उलटा प्रश्न नाही.

माझ्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. घरचे मला विचारतात, “पेपरात काय आलं?” त्यांना नुसता आकडा वाचून दाखवायचा, तर इतके शिकून उपयोग काय?

म्हणून माझी सूचना अशी, की आपण प्रत्येकाने आपल्या गावच्या एका एकर कपाशीचा खर्च दोन्ही रीतींनी मांडावा, प्राध्यापकांनी तो तपासावा आणि आपल्या भित्तिपत्रकावर लावावा. चूक निघाली तर निघू द्या. चूक दाखवता येते ती हिशेबातली, घोषणेतली नव्हे.