एकच्या ठोक्याला काय होणार, हे साडेबाराला माहीत हवं

१६ जुलै २०२१ रोजी दुपारी एकला महाराष्ट्र राज्य मंडळाचा दहावीचा निकाल लागला आणि लागताक्षणीच निकालाची संकेतस्थळं बसली. त्या वर्षी परीक्षाच झाली नव्हती, निकाल ९९.९५ टक्के होता, तरीही सोळा लाखांच्या आसपास मुलं आणि त्यांच्या घरचे कित्येक तास कोऱ्या पानाकडे बघत बसले. अशा वेळी ‘सर्व्हरवर ताण आला’ एवढं सांगितलं की भागतं, जणू हा ताण अवकाळी पावसासारखा आभाळातून पडला. खरं तर इतकी आधी मोजून ठेवता येणारी गर्दी दुसरी नाही. मुलांची संख्या मंडळाच्या वहीत असते आणि वेळ मंडळानेच ठरवलेली असते. लोकांच्या पैशातून उभं राहिलेलं संकेतस्थळ एकाच वेळी किती जणांना झेपतं आणि कितव्याला कोलमडतं, हा आकडा काम ताब्यात घेण्याआधी काढला पाहिजे आणि जाहीर केला पाहिजे, असं माझं म्हणणं आहे.

हा आकडा गूढ नाही, त्याचं गणित शाळेतलंच आहे. अपाची हा जुना, सर्रास वापरला जाणारा सर्व्हर त्याच्या पारंपरिक मांडणीत, कुणी हात लावला नाही तर, एका वेळी २५६ विनंत्या हाताळतो. म्हणजे खिडक्या २५६, बाकीचे रांगेत. आसनक्रमांक घेऊन गुण शोधणारी स्क्रिप्ट अर्ध्या सेकंदात काम उरकत असेल, तर सेकंदाला ५१२ जण मार्गी लागतात आणि सोळा लाखांचं काम तासाच्या आत संपतं. तीच स्क्रिप्ट चार सेकंद घेऊ लागली, तर सेकंदाला ६४, आणि सोळा लाखांना जवळपास सात तास. यंत्र तेच, स्क्रिप्टही तीच. अर्ध्याचे चार सेकंद व्हायला फार काही लागत नाही. डेटाबेसमधल्या आसनक्रमांकाच्या रकान्याला इंडेक्स, म्हणजे झटपट शोधायची सूची, लावायचा राहिला, तरी पुरतं. शिवाय मायएसक्यूएल हा डेटाबेस मुळात १५१ जोडण्यांवर थांबतो. बाहेर २५६ खिडक्या उघड्या आणि आत गोदामाचा दरवाजा १५१ जणांपुरता, हे एकट्याने पान उघडून बघणाऱ्याला कधीच दिसणार नाही. त्यात वैतागलेला माणूस रिफ्रेश दाबतो. त्याची आधीची विनंती बहुतेक वेळा आत तशीच चालू राहते आणि नवी रांगेत लागते. गर्दी स्वतःच स्वतःला फुगवत नेते.

म्हणून चाचणी हवी. पण ‘चाचणी केली’ या दोन शब्दांवरही भरवसा ठेवण्यात अर्थ नाही. समजा, पीएचपीत सेशन सुरू करून दहा सेकंद थांबणारी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली आणि ती एकाच ब्राउझरच्या दोन टॅबमध्ये एकदम उघडली. पुष्कळदा पहिला टॅब दहाव्या सेकंदाला उत्तर देतो आणि दुसरा विसाव्या. बघणारा म्हणतो, सर्व्हर एका वेळी एकच काम करतो. दोष मात्र सर्व्हरचा नसतो. दोन्ही टॅबचं सेशन एकच असतं आणि पहिल्या स्क्रिप्टने त्याची फाइल कुलूपबंद केलेली असते. कधी तर ब्राउझरच तोच पत्ता पुन्हा मागायला थांबतो. याच्या उलट फसगत जास्त महागात पडते. चाचणीचं अवजार एकच मुखपृष्ठ पन्नास हजार वेळा मागतं, ते आधीच स्मरणात साठवलेलं असल्यामुळे झटपट मिळतं, अहवालात देखणे आकडे येतात आणि डेटाबेसला तोवर कुणी हातही लावलेला नसतो. दर विनंतीला वेगळा आसनक्रमांक नसेल, तर त्या चाचणीला निकालाच्या दिवसाची तालीम म्हणताच येणार नाही.

गर्दीचा अंदाज कुणाला येतो, असं विचारलं जाईल. अमेरिकेचं आरोग्य विम्याचं सरकारी संकेतस्थळ १ ऑक्टोबर २०१३ रोजी सुरू झालं, तेव्हा एका वेळी पन्नास-साठ हजार लोक धरले होते आणि अडीच लाख आले. पहिल्या दिवशी नोंदणी पुरी झाली सहा जणांची. पण ते कोसळलं ते अंदाज चुकला म्हणून नव्हे. सुरू होण्याच्या काही दिवस आधीच्या चाचणीत काहीशे कृत्रिम वापरकर्त्यांनीच ते पाडलं होतं. आकडा हातात होता, तो कुणी मनावर घेतला नाही. असा आकडा जाहीर झाला पाहिजे, हा हट्ट त्यासाठीच.

दुसरा आक्षेप खर्चाचा: वर्षातल्या एका दुपारसाठी एवढी यंत्रं कुणी घ्यायची? कुणीच नाही. चाचणीतून बऱ्याचदा हेच कळतं की यंत्रं कमी नव्हती, काम चुकीच्या जागी होत होतं. निकाल लागल्यावर त्या दुपारी गुण बदलत नाहीत. मग दर विनंतीला डेटाबेस धुंडाळायचा कशाला? आदल्या रात्री सोळा लाख तयार पानं करून ठेवली, तर तेच यंत्र कितीतरी पट लोकांना पुरतं. ‘क्लाउडवर टाकलं की आपोआप वाढतं’ हेही अर्धंच खरं आहे. नवी यंत्रं उभी राहायला वेळ लागतो, गर्दी मात्र एकच्या ठोक्याला येते. आणि पुढे दहा यंत्रं वाढवली, तरी मागचा डेटाबेस एकच असेल तर चेंगराचेंगरी फक्त आतल्या दारावर सरकते.

खरा वजनदार आक्षेप ऑस्ट्रेलियातून येतो. तिथली २०१६ ची ऑनलाइन जनगणना अपेक्षित गर्दीच्या दीडपट भाराला तपासलेली होती. तरीही ९ ऑगस्टच्या संध्याकाळी फारशा मोठ्या नसलेल्या सायबर हल्ल्यानंतर राउटर नीट पुन्हा सुरू झाला नाही, संकेतस्थळ बंद करावं लागलं आणि चाळीसेक तास बंद राहिलं. मग चाचणीचा उपयोग काय? माझ्या मते त्यांनी वजन तपासलं, पडणं तपासलं नाही. मुद्दाम एक यंत्र बंद करून, एक तार काढून, पुन्हा उभं राहायला किती मिनिटं लागतात हे बघणं हाही चाचणीचाच भाग आहे आणि त्याचीही मिनिटं मोजून लिहिता येतात.

तेव्हा निविदेत ‘संकेतस्थळ जलद असावे’ असं लिहून भागणार नाही. एका वेळी किती वेगवेगळ्या विनंत्या, त्यातल्या शंभरात नव्व्याण्णवांना किती सेकंदांत उत्तर, कितव्या विनंतीला कोसळलं आणि किती मिनिटांत सावरलं, हे लिहून घ्यावं, आणि तपासणारा ठेकेदाराच्या पगारावरचा नसावा. निकालाची तारीख-वेळ कळवणारं पत्रक मंडळ दरवर्षी काढतंच. हे आकडे त्यात दोन ओळींत मावतील.